मधल्या आठ मात्रा

मी खोटं काहीच बोलले नव्हते. हे वाक्य त्या दिवशी मी मनातल्या मनात इतक्यांदा घोळवलं, की तेवढ्यात एखादं अख्खं गाणं पाठ झालं असतं.

आमच्या लेकीच्या शाळेत सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. शाळा नेहमीसारखी नव्हे. सकाळी गणित-भूगोल उरकायचं आणि जेवणानंतर गाणं, नाच, नाटक. सिनेमाही अशाच एका शाळेतल्या पोरापोरींचा, पहिल्यापासून शेवटपर्यंत गाण्यांनी भरलेला. सुट्टीत इमारत रिकामी असते म्हणून त्यांनी ती तीन आठवड्यांसाठी घेतली, आणि इमारतीबरोबर गर्दीत नाचायला पोरंही घेतली. मुख्य कामं करणारे बाहेरचे. नायिका चांगली पंचवीस-सव्वीसची, दोन वेण्या घालून पंधराची झालेली. पालकांच्या खोलीत एक आजोबा बसायचे, ते तिला बघून रोज म्हणायचे, "ही नववीत? मग मला अकरावीत घ्या."

आमच्या मुली मात्र खरोखरच्या चौदा-पंधराच्या. त्यामुळे प्रत्येकीमागे एक मोठं माणूस हवं, असा नियम होता. सकाळी तक्त्यावर सही करून पोर त्यांच्या हवाली करायची, संध्याकाळी परत सही करून ताब्यात घ्यायची. मधला वेळ वाद्यांच्या खोलीत काढायचा. तिथे चादरी पांघरलेले ड्रम आणि एक पियानो होता, आणि त्यांच्यासमोर टेबलावर मॉनिटर. कॅमेऱ्याला जे दिसेल ते आम्हाला दिसायचं. मॉनिटरमधून आवाज यायचा नाही; जिन्यावरचं गाणं आणि ओरडणं तेवढं भिंतीपलीकडून ऐकू यायचं.

मी तक्त्यावर दोन मुलींपुढे सही करत होते. एक माझी. तिला तिचा बाबा लहानपणापासून भिंगरी म्हणतो. दुसरी तिची मैत्रीण शिट्टी. उंच, किडकिडीत; दोन बोटं तोंडात घालून तिने शिट्टी मारली की रस्त्यापलीकडची माणसं वळून बघायची. तिची आई नर्स होती, आणि त्या महिन्यात रात्रपाळीला. पहिल्या सकाळी पोरीला सोडायला आली तेव्हा उभ्या उभ्या पेंगत होती. मीच म्हटलं, "सिस्टर, तुम्ही घरी जाऊन झोपा. तिच्यापुढे मी करते सही. एकीवर लक्ष ठेवायचं ते दोघींवर."

"खरंच ठेवाल? अहो, तुमचे उपकार कसे–"

"उपकार कसले! मी नाहीतरी डोळे फाडून बसलेलीच असते."

ते अगदी खरं होतं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला भिंगरी माझ्या पोटात होती. परीक्षेच्या हॉलमध्ये बाक आणि मी यांच्यात मावता मावत नव्हती. मैत्रिणी सहलीला गेल्या, मी बालरोगतज्ज्ञाकडे गेले. तेव्हापासून मला कायम वाटत आलंय, की माझी नजर क्षणभर जरी हलली तरी काहीतरी पडेल, सांडेल, फुटेल. नवरा म्हणतो, "तू आई आहेस की सीसीटीव्ही?" मी त्याला म्हणते, सीसीटीव्ही बरा, त्याला चहा करावा लागत नाही.

आता त्या गाण्याचं सांगते. सिनेमातलं शेवटचं गाणं. शाळेच्या मोठ्या जिन्यावर, उंच खिडकीतून ऊन येतं तिथे, सोळा मुली नाचत वर जातात. गाणं आधीच रेकॉर्ड केलेलं. शूटिंगच्या वेळी ते मोठ्यानं लावतात आणि मुली नुसते ओठ हलवतात. पण मधे एका ठिकाणी सगळी वाद्यं थांबतात. आठ मात्रा पूर्ण शांतता, फक्त बत्तीस... नाही, नायिका धरून चौतीस पावलांचा आवाज. हा पावलांचा आवाज त्यांना खराखुरा, त्याच जिन्यावर पकडायचा होता. त्यामुळे तेवढ्या वेळात कोणी मात्रा मोजून द्यायच्या नाहीत, खोकायचं नाही, ओठही हलवायचे नाहीत. प्रत्येकीनं आपापल्या आत मोजायचं आणि वाद्यं पुन्हा सुरू होतील तेव्हा बरोबर पहिल्या मात्रेवर पाय टाकायचा.

या आठ मात्रांत जोड्या समोरासमोर येत. पुढच्या रांगेत डावीकडची जोडी म्हणजे शिट्टी आणि भिंगरी. शिट्टीचा चेहरा कॅमेऱ्याकडे. भिंगरीची पाठ.

पहिले चार दिवस कॅमेऱ्यासमोर नुसत्या तालमी चालल्या, आणि चारही दिवस मी माझ्या मुलीची पाठ बघत होते. तिचा अंबाडा, मानेवरचा तीळ, ब्लाउजचं तिसरं बटण. आणि त्या पाठीच्या वर, फुलून आल्यासारखा, शिट्टीचा चेहरा. आजोबा म्हणायचे, "काय गोड दिसते हो ती उंच पोर! तिला तर पुढच्या सिनेमात नायिका करतील." मग माझ्याकडे बघून घाईनं, "तुमचीही छानच. मागून सुद्धा कळतं."

पाचव्या दिवशी या गाण्याचं खरं शूटिंग सुरू झालं आणि मला शिट्टीचे ओठ दिसले. शांततेच्या त्या आठ मात्रांत ते हलत होते. जेमतेम. बाकीच्यांचं लक्ष नायिकेकडे असायचं. त्या कोपऱ्यात एवढं टक लावून बघणारं त्या इमारतीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं. पुढच्या टेकला पुन्हा बघितलं. हलत होते. पाच, सहा, सात, आठ.

मी लगेच उठले नाही. हे मुद्दाम लिहितेय. चांगली वीस मिनिटं मी खुर्चीत बसून होते. मग व्हरांड्यात चहा घ्यायला गेले. तिथे एक मुलगी उभी असायची, आधीच्या शॉटमध्ये कोणाचं बटण उघडं होतं, कोणाची रिबीन कुठल्या खांद्यावर होती, हे सगळं टिपून ठेवणारी. आम्ही तिला वहीवाली म्हणायचो.

"एक सांगू का?" मी म्हटलं. "तुमचंच काम वाचेल म्हणून."

"सांगा ना मॅडम."

"डावीकडच्या उंच मुलीचे ओठ हलतात. वाद्यं थांबतात ना, तेव्हा. मोजते बहुतेक."

"कुठली, तुमची?"

"छे! माझी तिच्यासमोरची."

वहीवालीनं कप खाली ठेवून लिहून घेतलं. "बरं झालं बोललात. पडद्यावर एवढा ओठ दिसतो," तिने दोन्ही हात पसरून दाखवलं. मी हसले. चहा घेऊन परत आले आणि खुर्चीत बसल्यावर लक्षात आलं, की कपातला अर्धा चहा बशीत सांडलाय.

अर्ध्या तासात निकाल लागला. नाच बसवणारे मास्तर, रेकॉर्ड केलेला शॉट दोनदा बघून, जिन्यावर ओरडले. ते मुलांवर ओरडताना 'बाळा' म्हणायचे, त्यामुळे ते जास्तच लागायचं. "बाळा, पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं? ओठ! तू नाचतेस की जप करतेस?" शिट्टीला त्यांनी शेवटच्या रांगेत, खांबाआड पाठवलं. भिंगरीला तिच्या जागी आणलं, कॅमेऱ्याकडे चेहरा करून. भिंगरीच्या जागी मागची एक मुलगी.

मॉनिटरवर माझ्या लेकीचं तोंड आलं. मी नवऱ्याला लगेच मेसेज केला: 'पुढे आली!!' दोन उद्गारचिन्हं. तो मेसेज अजून फोनमध्ये आहे. पुसावा असं कितीदा वाटतं, पण पुसला तर तेही एक नाटकच.

तेवढ्यात वहीवाली दारात. हातात पालकांचा तक्ता. "मॅडम, त्या मुलीच्याही पालक तुम्हीच? सही तुमचीच आहे." मग जरा चपापून, "अय्या, मला वाटलं... असू दे. जेवणाची सुट्टी होतेय. तुम्हीच जरा समजवा ना तिला. रडली तर मेकअप पुन्हा करावा लागेल."

शिट्टी पाण्याच्या नळापाशी बाकावर बसली होती. डबा उघडलेला, घास घेतलेला नाही. मी शेजारी बसले.

"माझं चुकलंच काकू," तीच आधी म्हणाली. "ओठ बंद ठेवायचे होते."

"अगं, पण तू कशाला मोजतेस? तुला तर झोपेतून उठवलं तरी येईल."

तिने माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलणार असं वाटलं, पण बाटलीचं झाकण उघडून ती पाणी प्यायली. "सवय," म्हणाली. मग थोड्या वेळानं, "पण कोणाला दिसलं? कॅमेरावाले दादा तर हिरॉईनताईकडेच बघत असतात."

"मॉनिटर असतो ना बाळ. सगळ्यांना सगळं दिसतं."

"आईला काय सांगू? तिने सुट्टी टाकलीय. सिनेमा लागेल त्या दिवसाची, आत्तापासून."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. केसांना स्प्रे मारलेला होता, हाताला टोचला. "आई समजून घेईल," मी म्हटलं. "आणि भिंगरी काय परकी आहे का? तुझीच मैत्रीण आहे. मन मोठं कर."

मन मोठं कर. मी, तिला.

ती "हो काकू" म्हणाली आणि जेवायला लागली. समोर मोठं माणूस बसलंय म्हणून जेवतात तशी.

जेवणानंतर आधी लांबून तीन शॉट घेतले, सगळा जिना दिसेल असे. तेवढ्या लांबून कोण कितव्या मात्रेवर पाय टाकतंय ते कळत नाही. मग कॅमेरा जवळ आला आणि माझ्या लेकीचं पितळ उघडं पडलं. वाद्यं थांबली. आठ मात्रा. भिंगरीचा पाय सहावीवरच पडला. "कट!" दुसऱ्यांदा सातवीवर. तिसऱ्यांदा ती थांबूनच राहिली आणि तिच्या समोरची मुलगी तिच्यावर आदळली. आजोबा म्हणाले, "होतं हो असं, नवीन जागा आहे." पाचव्यांदा मात्र त्यांनी पेपर वर केला.

सहाव्या टेकनंतर मास्तरांनी दहा मिनिटांची सुट्टी दिली. मी बाथरूमकडे पळाले. भिंगरी वॉश बेसिनला दोन्ही हातांनी धरून उभी होती.

"घरी तर बरोबर यायचं की गं तुला!"

"घरी यायचं नाही. घरी मी पंख्याकडे बघून करायचे. तो कट् कट् वाजतो ना, त्यावर."

"मग इथे इतके दिवस?"

"इथे शिट्टी मोजायची." ती आरशातल्या माझ्याशी बोलत होती. "माझ्यासाठी. मीच सांगितलं होतं तिला. मी एकटी मोजते तेव्हा घाई होते. मला वाटतं संपले आठ, आणि सहाच झालेले असतात. ती समोरून ओठांनी मोजायची, मी तिच्या तोंडाकडे बघायचे. आता ती खांबामागे आहे."

"मला कधी बोलली नाहीस?"

"तुला सांगितलं असतं तर तू रोज बसली असतीस समोर, बघत." तिने नळ सोडला, बंद केला. "तू बघायला लागलीस की माझे आणखीनच चुकतात."

मी पर्स उघडून रुमाल शोधायला लागले. तेवढ्यावरून तिला काहीतरी कळलं. ती वळली.

"मास्तरांना कुठून कळलं, आई?"

"मी... बघते हं. मी बोलते त्यांच्याशी."

मी प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, हे तिच्या ध्यानात आलं. मी तिची आई आहे. नजर तिने माझ्याकडूनच घेतलीय.

मास्तर जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून बिस्किट खात होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि एका दमात सांगितलं, की उंच मुलगी स्वतःसाठी मोजत नव्हती, माझ्या मुलीसाठी मोजत होती. तिला स्वतःला गरज नाही. तिला पुढे घ्या आणि माझीला मागे पाठवा. आणि ओठांचं सांगणारी मीच होते.

शेवटचं वाक्य मी हळू बोलले. पण बोलले.

मास्तरांनी घड्याळ बघितलं, मग खिडकी. "ताई, तुम्ही सकाळी आला असतात तर. आता लांबचे तीन शॉट झाले, त्यात तुमची मुलगी पुढे आहे. जवळच्या शॉटमध्ये तिच्याजागी दुसरं तोंड कसं आणू? ऊन चारपर्यंत. उद्या दुसरी जागा." त्यांनी बिस्किट संपवलं, हात झटकले. "पण मोजायचंच ना? मग त्यात काय!" आणि उठून ओरडले, "ए बाळा! शेवटच्या रांगेतली उंच! खाली ये!"

शिट्टी धावत खाली आली. तिचा चेहरा असा उजळला होता, की मी जिन्याच्या कठड्याकडे बघायला लागले.

"शूज काढ," मास्तर म्हणाले. "आवाज नको. कॅमेऱ्याच्या खाली बस, इथे, उकिडवी. वाद्यं थांबली की हिच्यासाठी ओठांनी मोज. मोठे ओठ कर, चालेल. तू दिसत नाहीस आता."

उजळलेला चेहरा विझायला फार वेळ लागला नाही. "हो सर," ती म्हणाली. वाकून तिने शूज काढले, सरळ करून भिंतीशी ठेवले आणि कॅमेऱ्याखाली जाऊन बसली, गुडघे छातीशी घेऊन, गाण्यातल्या पूर्ण वेषात, गालावर चमकी लावलेली.

मला वाद्यांच्या खोलीत परत जायचं धाडस झालं नाही. मी तिथेच वायरींच्या मागे उभी राहिले. गाणं वाजलं. वाद्यं थांबली. त्या शांततेत चौतीसची बत्तीसच पावलं उरली होती. आणि खाली बसलेली ती पोर, मान वर करून, माझ्या मुलीला तोंड भरभरून मात्रा देत होती. एक. दोन. तीन. जेवढे म्हणून ओठ मोठे होतील तेवढे. भिंगरीची नजर तिच्यावर खिळलेली. आठ संपले, पाय बरोबर पडला, आणि भिंगरी हसली. गाण्यात तिथे हसायचंच होतं.

"ओके!" मास्तर ओरडले. "पहिल्या झटक्यात! वा बाळा!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भिंगरीसाठी. नायिकेनं तिला जवळ घेतलं. शिट्टीही टाळ्या वाजवत होती, बसल्या बसल्या, मग शूज घ्यायला उठली.

पाच वाजता सिस्टर आल्या. झोप झालेली, केस धुतलेले, हातात केळ्यांची पिशवी. "कशी झाली आमची बाई?" असं विचारत आल्या आणि मला म्हणाल्या, "तुमच्यामुळे हो. पाच दिवस सलग झोपले मी, कित्येक वर्षांनी. घ्या, केळं घ्या."

मुली कपडे बदलायला गेल्या होत्या. मी केळं हातात घेतलं आणि सांगितलं. सगळं सांगितलं, बशीत सांडलेल्या चहासकट, आणि 'मन मोठं कर'सकट. मधे त्यांनी "म्हणजे?" असं एकदाच विचारलं. मी म्हटलं, "म्हणजे तुमच्या मुलीचा चेहरा दिसत होता आणि माझीची पाठ. म्हणून."

सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. रागानं म्हणावं तर तसंही नाही. एखादी जखम कितपत खोल आहे, टाके घालावे लागतील का, असं बघतात तसं.

"तिला सांगितलंत?"

"नाही."

"मग मला कशाला सांगता? मी काय त्या जिन्यावर उभी होते?"

मुली आल्या. दोघींच्या पाठीला बॅगा, गालांवर पुसून राहिलेली चमकी. सिस्टरनी शिट्टीला सांगितलं, "थांब. काकूंना तुझ्याशी बोलायचंय." आणि त्या बाजूला झाल्या नाहीत. तिथेच उभ्या राहिल्या.

"शिट्टी, तुझे ओठ हलतात हे मी सांगितलं त्यांना," मी म्हणाले. "मी एकटीनंच बघितलं होतं. दुपारी तू विचारलंस तेव्हा खोटं बोलले."

तिने खालचा ओठ दातात धरला. सोडला. "खूप हलत होते का, काकू?"

"नाही गं. जेमतेम."

"तरी पडद्यावर दिसले असते." ती खाली बघत होती, अगदी मास्तरांच्या हिशेबानं विचार करत. "मोठ्या पडद्यावर सगळंच दिसतं. मग एका अर्थी सांगितलंत ते–"

"पण आईनं त्यासाठी नव्हतं सांगितलं," भिंगरी म्हणाली.

ती शिट्टीला म्हणाली, पण बघत माझ्याकडे होती. तोंडावर राग नव्हता. उत्तर तिला हवं होतं, एवढंच, आणि यावेळी ती ते घेतल्याशिवाय हलणार नव्हती. सिस्टर थांबल्या होत्या. व्हरांड्याच्या टोकाला वहीवाली तक्ता घेऊन सह्यांसाठी उभी होती, तीही थांबली.

"नाही," मी म्हणाले. "त्यासाठी नव्हतं."